कळंगूटचा किनारा : पाहुणे, पाणी आणि गावाचा अधिकार

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील कळंगूट ग्रामपंचायतीने २०२४ साली एक ठराव केला. राहण्याची जागा आधी राखून न ठेवता गावात येणाऱ्या प्रवाशांकडून वेशीवरच कर घ्यावा, असा त्याचा आशय होता. गाड्या भरून यावे, रस्त्याच्या कडेला चुली मांडाव्या, समुद्रात डुंबावे आणि उष्टेखरकटे व बाटल्या मागे टाकून निघून जावे, ह्या रीतीला गाव कंटाळले होते. ठरावाची योग्यायोग्यता ठरविणे हे प्रस्तुत लेखाचे काम नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक प्रश्न दिसतो, आणि तो २०२४ चा नाही. किनाऱ्यावर येणाऱ्याला येऊ द्यावे, त्याचा जीव सांभाळावा आणि त्याच्या येण्याने गावाचे आरोग्य बिघडू देऊ नये, ह्या तीन गोष्टींचा मेळ कोणी व कोठे घालावयाचा, हा तो प्रश्न होय.

ह्या लेखात जे मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे. कळंगूटच्या बाबतीत नियम नेहमी तेथे झाले जेथे पाहुणा डोळ्यांना दिसतो, म्हणजे पुळणीवर. अपाय मात्र पुष्कळ अंशी पुळणीच्या मागे, विहिरीत, शोषखड्ड्यात आणि बांधकामाच्या टाकीत साठत गेला. पुळणीवर जीव जातो तो बहुधा पाहुण्याचा. मागच्या बाजूस आरोग्य बिघडते ते गावकऱ्याचे व मजुराचे. पहिल्या गोष्टीची व्यवस्था लागली, दुसरीची रेंगाळली, ह्याचे कारण केवळ सरकारी ढिलाई नव्हे.

प्रथम गावाची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. उत्तरेस बागेची खाडी आणि दक्षिणेस कांदोळी, ह्यांच्या दरम्यान कळंगूटची पुळण पसरली आहे. तीच पुढे शिंकेरीपर्यंत जाते. पुळणीच्या मागे वाळूच्या टेकड्या, त्यांच्या पाठीशी माडांची भाटे, नंतर भाताची शेते आणि शेवटी साळगाव-हडफड्याच्या बाजूस जांभ्या दगडाची उंच जमीन, असा हा पट्ट्यापट्ट्यांचा गाव आहे. वाळूच्या टेकड्यांवर पसरणाऱ्या वेलीला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा ती दाखविते अशी समजूत त्या नावात आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञही तिच्यामुळे वाळू धरून राहते असेच सांगतात. पावसाचे पाणी ह्या वाळूत मुरते व खालच्या जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींत गोडे पाणी लागते ते ह्यामुळे. हा थर पातळ असल्याने उपसा वाढला की खालून खारे पाणी चढते. तसेच जी वाळू पाऊस झरझर आत घेते, ती सांडपाणीही तितक्याच तत्परतेने आत घेते. कळंगूटच्या पुढील सगळ्या कहाणीची ही भौतिक बैठक आहे.

बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. कळंगूटचे सांत आलेइश चर्च १५९५ मध्ये स्थापन झाले व आजची इमारत १७४१ च्या पुनर्रचनेची आहे. राज्य बदलले, धर्म बदलला, पण जमिनीची व्यवस्था पाहणारी गांवकरी पोर्तुगीजांनी मोडली नाही. 'कोमुनिदाद' ह्या नावाने तिला त्यांनी आपल्या कायद्यात बसविले आणि विसाव्या शतकातही १९०४, १९३३ व १९६१ ह्या साली तिच्या संहिता निघाल्या. गांवकरीचे मुख्य लक्ष शेते, बांध, पाट व त्यांच्या पावणीकडे होते. वाळूवर पीक येत नाही. तेथे खारवी आपल्या होड्या ओढीत, रापण घालीत व झोपड्या बांधून राहत. गावाच्या प्रतिष्ठेच्या उतरंडीत त्यांचे स्थान खालचे होते. किनारा गावाचा असूनही गावातील कर्त्या मंडळींची त्यावर फारशी नजर नव्हती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

किनाऱ्यावर पाहुणे येऊ लागले ते मात्र आरोग्यासाठीच. गोव्यातील सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबांत एप्रिल-मे महिन्यांत हवापालटासाठी समुद्राकाठी जाण्याची चाल होती. तिला 'मुदांसा' म्हणत. खाऱ्या पाण्याच्या स्नानाने संधिवात व त्वचेचे विकार बरे होतात आणि पावसाळ्यात सर्दी-पडसे होत नाही, अशी श्रद्धा होती; ती ख्रिस्ती व हिंदू दोघांतही आढळते. युरोपातही समुद्रस्नानाचा आरंभ औषध म्हणूनच झाला. रिचर्ड रसेल ह्या इंग्रज वैद्याने समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर १७५० मध्ये ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटन हे मासेमारीचे गाव पुढे स्नानस्थान झाले. पोर्तुगालमध्येही एकोणिसाव्या शतकात समुद्रस्नानाची हौस वाढली. पणजीस १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना ही युरोपीय मते परिचित असणार. तथापि गोव्यातील चाल केवळ त्यांच्या उपदेशाने पडली असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्रात न्हाण्याची रीत ज्यांनी डॉक्टर कधी पाहिला नाही अशा खेडवळ लोकांतही होती.

ह्या जुन्या व्यवस्थेत प्रवेशाचे नियमन कोण करीत असे? लेखी नियम शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. नियमन ऋतू करीत असे आणि नाते करीत असे. पाहुणा आप्ताच्या, परिचिताच्या किंवा भाड्याने घेतलेल्या घरात उतरे. त्याचे नाव-गाव घरमालकाला ठाऊक असे. मे महिन्यात मुंबईचे गोवेकर सुटी घेऊन येत, तेही आपल्याच गावचे. समुद्र खवळण्यापूर्वी मंडळी परतत. जूनच्या आरंभी खारवी होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवीत, आणि ज्या समुद्रात खारवी उतरत नाही त्यात पाहुण्याने उतरू नये हे कोणी सांगावे लागत नसे. पाहुण्यांचे पंचांग आणि समुद्राचे पंचांग एकच होते.

ह्यावरून त्या काळाला सुवर्णयुग ठरविण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. गोव्यातील खेड्यांत डुकरांच्या संडासाची पद्धत सर्रास होती. साथी येत आणि त्यात किनाऱ्यावरच्या झोपड्यांतील माणसे मरत. जुने गोवे शहर ओस पडले त्यालाही वारंवारच्या साथी बऱ्याच अंशी कारण झाल्या. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीस मुक्काम हलविला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पाणी झिरपू देणारी जमीन, गटारांचा अभाव आणि जवळच्या विहिरी, ह्यांच्यातला संबंध जुन्या गोव्याविषयी लिहिणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविला होता. म्हणजे घाण जमिनीत जिरवावी व पाणी त्याच जमिनीतून काढावे ह्यातला धोका गोव्याला नवा नव्हता. कळंगुटात तो दोन शतके जाणवला नाही, कारण वस्ती विरळ होती व पाहुणे थोडे होते.

१९५४ नंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा मुंबईच्या गोवेकरांचे जाणे-येणे अवघड झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हद्दीवरचे अडसर निघाले. त्यानंतर पाहुण्यांच्या येण्याला पूर्वीची कोणतीच चाळणी राहिली नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील हिप्पी तरुण कळंगूटला येऊ लागले. ते पुढे हणजुणेकडे सरकले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ह्या विषयाच्या दृष्टीने मात्र एकच गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. त्यांनी खारव्यांच्या व लहान घरमालकांच्या खोल्या भाड्याने घेतल्या. ज्यांचे पुळणीशी नाते होते पण गावात वजन नव्हते, अशा कुटुंबांना पाहुण्यांपासून प्रथमच रोख पैसा मिळाला. पुढे पर्यटनाला विरोध झाला तेव्हा गाव एकमुखाने का बोलू शकले नाही, ह्याचे एक उत्तर येथे आहे.

मोठे भांडवल त्यानंतर आले. शेजारच्या शिंकेरीस आग्वाद किल्ल्यालगत ताज समूहाचे हॉटेल १९७४ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची विश्रांती-बैठक तेथेच भरली. १९८२ मध्ये हॉटेले व पर्यटन-व्यवसाय ह्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९८७ च्या सुमारास युरोपातून भाड्याची विमाने थेट दाबोळीस उतरू लागली, आणि त्याच सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' ह्या संघटनेने पर्यटनाच्या ह्या रूपाला उघड विरोध केला. रापणकारांचा लढा तत्पूर्वीच सुरू झाला होता. त्यांचे भांडण पाहुण्यांशी नसून किनाऱ्याजवळ जाळी ओढणाऱ्या यांत्रिक ट्रॉलरांशी होते, व त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. दोन्ही चळवळींत किनारा कोणाचा हा प्रश्न होता. किनाऱ्यामागचे पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

आता सुरक्षिततेकडे वळू. कळंगूटची पुळण हिवाळ्यात सौम्य दिसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिचे रूप पालटते. उंच लाटा फुटून आलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील खोलगट वाटांनी वेगाने परत फिरते. वरून पाहणाऱ्याला लाटा न फुटणारी ही वाट शांत वाटते, म्हणून अनोळखी माणूस नेमका तीच निवडतो. ओढ लागली की तो किनाऱ्याकडे तोंड करून पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. खारव्याचे पोर आडवे पोहून बाहेर येते. हे ज्ञान गावात होते, पण ते सांगण्याची यंत्रणा नव्हती. पूर्वी ऋतूच पाहुण्याला परत पाठवी. आता परदेशी पाहुणा ऑक्टोबर ते मार्च येतो आणि देशी प्रवासी पाऊस पाहण्यासाठी खास जून-जुलैत येतो. दोन पंचांगांची फारकत झाली. समुद्र सर्वांत धोक्याचा असतो तेव्हा त्याला सर्वांत कमी ओळखणारा माणूस त्याच्या काठी उभा असतो, आणि पुष्कळदा तो मद्य प्यालेला असतो.

बुडण्याच्या घटना वाढल्यावर राज्य सरकारने २००८ मध्ये जीवरक्षकांचे काम एका खाजगी कंपनीकडे सोपविले. मनोरे उभे राहिले, लाल व लाल-पिवळी निशाणे लागली, पावसाळ्यात पोहण्यास मनाई होऊ लागली. ही व्यवस्था सर्वसाधारणपणे यशस्वी झाली असे म्हणावयास हरकत नाही. मनाई झुगारून पाण्यात शिरणारे अद्याप आहेतच. पण ती यशस्वी का झाली ह्याचा विचार केला पाहिजे. धोका एका ठिकाणी, एका वेळी, सर्वांसमक्ष प्रकट होतो. मृताचे नाव वृत्तपत्रात येते व त्याच्या गावापर्यंत किनाऱ्याची दुष्कीर्ती पोहोचते. खर्च कशावर होतो आणि कशासाठी होतो, हे सर्वांना दिसते. शिवाय ह्या व्यवस्थेने गावातील कोणाचेही उत्पन्न बुडत नाही. रक्षण आणि प्रवेश ह्यांत येथे विरोधच नव्हता. किनारा सुरक्षित होईल तितके लोक अधिक येणार.

समुद्राच्या बाजूने आलेले दुसरे संकट इतक्या सहजी सुटले नाही. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे प्रचंड मालवाहू जहाज कांदोळी-शिंकेरीच्या किनाऱ्याला लागून वाळूत रुतले. ते हलविण्यास सुमारे बारा वर्षे लागली. प्रवाहाची दिशा बदलली, वाळू एका बाजूस साठली व दुसऱ्या बाजूस वाहून गेली, सांगाडा गंजत राहिला. पर्यटनस्थळांचे संरक्षण व निगा राखण्यासाठी गोव्याने २००१ मध्ये कायदा केला, तरी जहाज होते तेथेच होते. जीवरक्षक एका हंगामात उभे राहू शकतात, पण जेथे मालकी, विमा, निविदा व न्यायालय ह्यांची गुंतागुंत होते तेथे पुळणीवरचे स्पष्ट दिसणारे संकटही बारा वर्षे टिकते. अदृश्य संकटाची कथा मग काय सांगावी!

ते अदृश्य संकट विहिरीत होते. हॉटेले, अतिथिगृहे व भाड्याच्या खोल्या वाढल्या. प्रत्येकीस सेप्टिक टाकी व शोषखड्डा आला. बार्देशला अस्नोड्याहून नळाचे पाणी मिळे, पण ते मोसमात पुरत नसे. म्हणून विहिरींवर पंप बसले व टँकर फिरू लागले. पाहुण्यांची गर्दी डिसेंबरपासून मेपर्यंत असते, आणि वाळूतील गोड्या पाण्याचा थर ह्याच महिन्यांत खाली खाली जात असतो. उपसा सर्वाधिक व भरणा शून्य, अशी ही जोडी आहे. खड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्याला विहीर गाठण्यास अशा वाळूत फार अडथळा होत नाही. जुन्या गोव्यात जे घडले त्याचे हे लहान प्रमाणावरचे पुनरावर्तन म्हणता येईल. मात्र फरक सांगितला पाहिजे. जुन्या गोव्याला नळ, क्लोरीन व जवळ इस्पितळ नव्हते, म्हणून तेथे माणसे मेली. येथे माणसांनी विहिरीचे पाणी पिणे सोडले. ते सोडताना घराच्या परसातील एक आधार गेला व पाणी विकत घेण्याची वस्तू झाली. ही हानी मृत्यूच्या नोंदवहीत सापडत नाही.

कायद्याने मागच्या बाजूकडे अगदीच दुर्लक्ष केले असे मात्र नाही. माझ्या विधानाला येथे मर्यादा घातली पाहिजे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा, असे इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी विनियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, एवढे तिच्याविषयी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातले दुसरे कलम विसरले जाते. २०० मीटरच्या आत भूजल काढू नये, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात ते पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी व मत्स्यव्यवसायासाठी साध्या विहिरीतून हातानेच काढावे, असे त्यात होते. प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यासही बंदी होती. अधिसूचना लिहिणाऱ्यांना वाळूतील त्या पातळ थराची जाणीव होती हे उघड आहे. पुढच्या दशकांतील वाद मात्र बहुतेक भिंतींचे झाले. कोणाची भिंत रेषेच्या अलीकडे, कोणाची पलीकडे, ती १९९१ पूर्वीची की नंतरची. भिंत मोजपट्टीने मोजता येते, छायाचित्रात येते व न्यायालयात दाखविता येते. रात्री चाललेला पंप कोण मोजणार? गोव्याने २००२ मध्ये भूजल नियमनाचा स्वतंत्र कायदा केला, ह्यावरूनच आधीच्या कलमाची अवस्था समजून येईल.

हिवतापाची हकीकत ह्याहून बोधक आहे. १९९० नंतरच्या दशकात कांदोळी-कळंगूटच्या पट्ट्यात हिवताप वाढला. तो मुख्यतः ज्या डासामुळे पसरला तो 'अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी' शहरी स्वभावाचा आहे. त्याला दलदल लागत नाही. स्वच्छ साचलेले पाणी, टाकी, विहीर, नव्या स्लॅबवर मुरवणीसाठी सोडलेले पाणी पुरते. हॉटेलांची बांधकामे जोरात होती व त्यांवर काम करणारे मजूर बाहेरच्या राज्यांतून आलेले होते. त्यांपैकी काहींच्या रक्तात परोपजीवी असत, आणि ते राहत होते ते डास वाढणाऱ्या इमारतींच्या आतच. म्हणजे जो पाहुणा अद्याप आला नव्हता त्याच्या खोलीत हिवतापाची पैदास होत होती. हिवताप संशोधनाच्या कार्यकर्त्यांनी विहिरींत व टाक्यांत डासांच्या अळ्या खाणारे लहान देशी मासे सोडले, जीवाणूजन्य अळीनाशक वापरले, आणि ह्या उपायांचा परिणाम मोजून प्रसिद्ध केला. सार्वजनिक आरोग्याच्या १९८५ च्या कायद्याच्या आधारे बांधकाम-मजुरांची रक्ततपासणी व आरोग्यपत्र आवश्यक करण्यात आले.

ह्या आरोग्यपत्राकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. त्याचा वैद्यकीय उपयोग होता ह्यात शंका नाही. रोग लवकर सापडे व उपचार होई. पण किनाऱ्यावर बाहेरून येणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांपैकी ओळखीचा कागद जवळ बाळगण्याची सक्ती मजुरावर झाली, प्रवाशावर झाली नाही. साचलेल्या पाण्याची जबाबदारी कायद्याने ठेकेदार व मालक ह्यांवर होती, तरी तपासणीच्या रांगेत मजूर उभा राहिला. २००६ च्या अखेरीस गोव्याहून परतलेल्या काही युरोपीय प्रवाशांना घातक प्रकारचा हिवताप झाल्याचे तिकडील नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, तेव्हा हा रोग पाहुण्यांनाही सोडीत नाही हे जगजाहीर झाले. आरोग्याचा प्रश्न प्रवाशाच्या अंगाशी आला की त्याची दखल किती दूरवर घेतली जाते, ह्याचा हा एक दाखला आहे.

कचऱ्याचीही अशीच गोष्ट. पुळण झाडली जाई. झाडलेले सारे साळगावच्या पठारावर उघड्यावर पडे. तेथील पाणी उतारावरच्या वाड्यांकडे झिरपे. कळंगूटचा अपाय अशा रीतीने शेजारच्या गावाच्या विहिरीत उतरला. २०१६ मध्ये त्या पठारावर घनकचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला व परिस्थिती सुधारली. २०१९ मध्ये २००१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान वा स्वयंपाक करणाऱ्यास दंड ठरला, व्यक्तीस २,००० रुपये व समूहास १०,००० रुपये. दंडाचे हे कलम पुन्हा पुळणीवरचे आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गोवा प्रवाशांना बंद झाला. प्रवेश पूर्णपणे थांबल्यास काय होते ह्याचा अनुभव किनाऱ्याला त्या निमित्ताने आला. गोव्यात एप्रिलच्या मध्यानंतर काही काळ एकही रुग्ण उरला नव्हता. कळंगूटसारख्या गावात रोजगारही उरला नव्हता. २ जुलै २०२० रोजी दरवाजा किलकिला झाला तो अटींवर: सरकारने परवानगी दिलेल्या नोंदणीकृत हॉटेलातच आधी खोली राखावी, आणि रोग नसल्याचा दाखला आणावा किंवा येथे तपासणी करून घ्यावी. १९८२ चा नोंदणी-कायदा व्यवसायाच्या शिस्तीसाठी झाला होता. आता त्याची यादी आरोग्याची चाळणी झाली. ज्यांनी खोल्यांची नोंदणी केली नव्हती अशा लहान घरमालकांना हे दार बंद राहिले. सप्टेंबरपासून अटी उठल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली तेव्हा, रोग नसल्याच्या दाखल्याविना बाहेरच्यांना प्रवेश देऊ नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला मे महिन्यात द्यावा लागला. पहिल्या खेपेस जे सरकारने आपण होऊन केले, ते दुसऱ्या खेपेस न्यायालयाने करविले. ह्या दोन्ही प्रसंगी निर्णय पणजीत झाला.

राखून ठेवलेली खोली म्हणजे गावात येण्याचा परवाना, ही कल्पना त्यामुळे २०२० मध्ये प्रत्यक्षात उतरलेली होती. २०२४ च्या ठरावाकडे ह्या दृष्टीने पाहिले की तो अचानक सुचलेला वाटत नाही. हेतू निराळा, साधन तेच. नात्याने होणारी जुनी चाळणी गेल्यावर तिच्या जागी पावतीची चाळणी आणण्याचा हा प्रयत्न आहे, असेही म्हणता येईल. पण ज्याच्याजवळ पावती आहे तो पाणी कमी वापरतो असे थोडेच आहे! तळे व बागबगीचा असलेल्या हॉटेलातील प्रवासी वाळूतील त्या थरावर रस्त्याकडेला भात शिजविणाऱ्यापेक्षा अधिक भार टाकीत असणे संभवनीय आहे. चूल दिसते, एवढाच फरक. आणि चूल मांडणारा बहुधा गरीब असतो, हेही विसरता येत नाही.

तरीही ग्रामसभेच्या पदरी केवळ दोष बांधणे न्याय्य होणार नाही. २०११ च्या जनगणनेत कळंगूटची वस्ती सुमारे चौदा हजार होती आणि जनगणनेने त्याची गणना शहरांत केली. कायद्याने ते खेडे आहे व १९९४ च्या पंचायत-राज कायद्याखाली त्याचा कारभार चालतो. किनारी बांधकामाचा निर्णय एका प्राधिकरणाकडे, जीवरक्षक पर्यटन खात्याकडे, नळ व मलवाहिनी वेगळ्या यंत्रणांकडे, रस्ता आणि पोलीस आणखी कोणाकडे. खारवी, भाटकार, हॉटेलमालक आणि खोली भाड्याने देणारी विधवा हे सारे एकाच ग्रामसभेत बसतात, आणि त्यांच्या हाती उरतो तो वेशीवरचा नाका. तोही पंचायतीला एकटीच्या बळावर चालविता येण्याजोगा नाही. ज्याच्याकडे दुसरे साधन नाही तो दिसणाऱ्या माणसालाच अडविणार.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. किनारी पर्यटनावरील बहुतेक लेखन १९६१ पासून सुरू होते व इंग्रजी साधनांवर थांबते. कळंगूटच्या कोमुनिदादची पोर्तुगीज दप्तरे, म्हापशाच्या कोमुनिदाद प्रशासकाचे कार्यालय, पणजीचे पुराभिलेखागार आणि ग्रामसभांची इतिवृत्ते ही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. त्याहूनही निकडीचे काम तोंडी माहितीचे आहे. घराची विहीर कोणत्या साली पिण्याच्या वापरातून गेली, त्या वर्षी शेजारी काय बांधले जात होते आणि पाणी प्रथम खारट लागले की वास येऊ लागला, हे सांगू शकणाऱ्या बायका कळंगुटात अजून आहेत. वाडावार अशी यादी झाली आणि ती हॉटेलांच्या नोंदणीच्या यादीशी ताडून पाहिली, तर वर केलेल्या विधानांपैकी किती टिकतात ते कळेल.